नाबरबाई आणि सदतिसावं उदाहरण

सरोजिनी नाबर यांना खोटे आकडे सुचत नसत. बाकी खोटं त्या बिनदिक्कत बोलत. नको असलेला फोन आला की "मी आंघोळीला गेलेय" असं स्वतःच सांगून ठेवून देत. पण एखाद्या हौदाची लांबी मनाने ठरवा म्हटलं, की बाईंचं पेन अडायचं. न पाहिलेला हौद, न भरलेलं पाणी, आणि त्याचं घनफळ काढायचं! आपण कोणाला तरी फसवतोय असं त्यांना वाटायचं.

आता हे वाटणं एरवी कोणाच्या आड आलं नसतं. पण बाईंचं कामच तसलं होतं. महापालिकेच्या शाळेत तेहेतीस वर्षं गणित शिकवून त्या निवृत्त झाल्या, आणि दादरच्या एका प्रकाशकाने त्यांना पाचवीच्या स्कॉलरशिपच्या गाइडसाठी शाब्दिक उदाहरणं लिहायला बसवलं. दरवर्षी नवी साठ उदाहरणं. त्यांतली वीस पूर्णांकयुक्त अपूर्णांकांची आणि घनफळाची, म्हणजे मुलं ज्या पानापाशी आली की त्यांना हटकून तहान लागते, त्या पानाची.

मग बाईंनी आपला मार्ग काढला. पर्समध्ये एक मेजरिंग टेप ठेवला आणि जगातली खरी खोकी मोजायला सुरुवात केली. दातांच्या डॉक्टरकडची माशांची पेटी मोजली. हापूसची पेटी मोजली. भाच्याच्या लग्नात आहेराचं खोकं मोजलं, तेव्हा मुलीकडच्यांना वाटलं की नाबरांकडची मंडळी फारच हिशोबी दिसतात. टेपचं दुसरं टोक धरायला यजमान असत. रघुवीरराव विमा कंपनीतून निवृत्त झालेले, उंच, शांत आणि डाव्या कानाने पूर्ण बहिरे. "अहो, धरा" एवढे दोन शब्द त्यांना कुठूनही ऐकू येत. भाच्याच्या लग्नात ते कोट घालून आहेराच्या खोक्याशी उकिडवे बसले होते. तो फोटो अल्बममध्ये आहे.

प्रकाशकाकडचा संपादक अनिश हा वयाने तिशीतला आणि घाईतला. तो फोनवर म्हणायचा, "बाई, फूट-इंच सोडा ना आता. मीटरमध्ये घ्या. आणि छेद जरा व्हेरायटीत हवेत. सप्तमांश वगैरे."

"सप्तमांश कोण मोजतं?" बाई विचारायच्या. "मला मुंबईत असा एक माणूस दाखवा, जो दुकानात जाऊन तीन सप्तमांश मीटर कापड मागतो. दाखवा, मी त्याच्यावर दहा उदाहरणं लिहिते."

असा माणूस अनिशला सापडला नाही. फूट राहिले. मात्र या वर्षी त्याने नवीनच टुमणं लावलं. "बाई, मुलांना रिलेट झालं पाहिजे. नुसती टाकी नको. टाकी कोणाची, का बसवली, थोडी स्टोरी हवी."

ही स्टोरीच पुढे बाईंच्या अंगाशी आली.

गिरगावातल्या ज्या चाळीत नाबर राहत, तिच्या दुसऱ्या मजल्यावर चौदा खोल्या. पाणी सकाळी सहाला येई आणि साडेसातला जाई. गेलं वर्षभर मात्र जिन्यापलीकडच्या खोल्यांचे नळ सातलाच खोकायला लागायचे. कोणी म्हणे पाइप गंजला, कोणी म्हणे शेजारच्या टॉवरने सगळं ओढलं. कमिटीचे सेक्रेटरी हितेंद्र पाठारे यांनी पालिकेला तीन अर्ज केले होते आणि तिन्हींची पोच जपून ठेवली होती.

नाबरांच्या समोरच्या टोकाला दौलत मयेकर राहत. गोदीतून निवृत्त, मूळचे मालवणकडचे, भजनी मंडळाचे चिटणीस. वर्षापूर्वी एका दुपारी ते बाईंकडे आले, दार लोटून घेतलं आणि हळूच म्हणाले, "बाई, एक विचारायचं होतं. म्हणजे, एका माणसाने मला विचारलंय. त्याच्या माळ्यावर जागा आहे साडेचार फूट लांब, सव्वादोन रुंद आणि, वर वाकायला जागा सोडून, उंची दोन फूट आठ इंच. तेवढ्यात बसणारी टाकी केली, तर पाणी किती राहील?"

बाईंनी आठ इंचांचे दोन तृतीयांश फूट केले. नऊ छेद दोन, गुणिले नऊ छेद चार, गुणिले आठ छेद तीन. काटाकाट करत गेल्या आणि शेवटी खाली एकही छेद उरला नाही. बरोबर सत्तावीस! साडे, सव्वा आणि दोन तृतीयांश अशा तीन वाकड्यातिकड्या आकड्यांतून असा सरळ सत्तावीस बाहेर पडलेला त्यांनी आयुष्यात पाहिला नव्हता. त्यांच्या अंगावर काटा आला.

"सत्तावीस घनफूट! दौलतराव, काय सुंदर माळा आहे हो त्या माणसाचा!"

"पण हे आपल्यात राहू द्या हां," दौलतराव म्हणाले.

बाईंनी मान डोलावली. त्यांच्या समजुतीप्रमाणे त्यांनी शब्द पाळलाही. अनिशला स्टोरी हवी होती म्हणून सदतिसाव्या उदाहरणात त्यांनी लिहिलं: "दिगंबररावांनी माळ्यावर भजनी मंडळाचे तबले ठेवले आहेत असे चाळीत सांगून, तेथे गुपचूप ४ १/२ फूट लांब, २ १/४ फूट रुंद व २ २/३ फूट उंच टाकी बसवली. एका घनफुटात दीड बादली पाणी मावत असल्यास दिगंबरराव रोज शेजाऱ्यांच्या वाटणीचे किती बादल्या पाणी साठवतात?" त्या माणसाचं नाव ठाऊक नव्हतं, म्हणून विचारणाऱ्या दौलतचाच दिगंबर केला होता. आपल्या माळ्यावर मंडळाचे पखवाज आहेत असं दौलतराव चाळीत सांगत, त्या पखवाजांचे तबले केले होते. आता कोण ओळखणार?

गाइड जूनमध्ये आलं. जुलैच्या पहिल्या आठवड्यात मेघना राणे दारात उभी राहिली. ही जिन्यापलीकडे राहणारी, कुरिअर कंपनीत नोकरीला, मुलगी पाचवीत. हातात गाइड होतं आणि चेहरा तापलेला.

"बाई, ह्या सदतीसच्या उत्तरात मागे घनफळ सत्तावीस घनफूट दिलंय. माझं सोळा पूर्णांक एक छेद बारा येतंय. प्रिंटिंग मिस्टेक आहे का?"

बाईंनी तिची वही पाहिली. मेघनाने चार, दोन आणि दोन यांचा गुणाकार वेगळा केला होता, अपूर्णांकांचा वेगळा, आणि दोन्ही शेजारी मांडून मोकळी झाली होती. तेहेतीस वर्षं बाई या चुकीशी लढल्या होत्या. ती चूक पुन्हा दिसताच त्यांना जुनी मैत्रीण भेटल्यासारखं झालं.

"थांब," त्या म्हणाल्या आणि आतून ढोकळ्याची थाळी घेऊन आल्या. सुरीने साडेचार बोटं लांब आणि सव्वादोन बोटं रुंद असा तुकडा कापला. "आता ह्यातले चार बाय दोन घे. आठ चौकोन. हं, खा. आणि अर्धा बाय पाव, म्हणजे हा कोपऱ्यातला कण. हाही खा. झालं?"

"नाही ना. ह्या कडेच्या पट्ट्या राहिल्या."

"त्या कोणी खायच्या?"

मेघनाने पट्ट्यांकडे पाहिलं. मग बाईंकडे पाहिलं. "अरे बापरे! म्हणजे मी दोन अख्खे चौकोन सोडले?"

"एवढ्याशा ढोकळ्यात दोन. टाकीत तर अकरा घनफूट पाणी जवळजवळ सोडलंस. म्हणून आधी सगळं अंशात न्यायचं. साडेचार म्हणजे नऊ छेद दोन."

"अकरा घनफूट," मेघना पुटपुटली. "म्हणजे मी समजत होते त्याच्याहून कितीतरी जास्त आहे. थँक यू हां बाई." आणि ती तडक निघून गेली. पट्ट्या तशाच राहिल्या.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हितेंद्र पाठारे आले. त्यांचं उत्तर एकशे आठ येत होतं. सव्वादोनचा चार हा छेद ते खाली मांडायलाच विसरत होते. त्यांच्या मागोमाग सात नंबरच्या मावशी आल्या, ज्यांच्या घरात शाळेत जाणारं कोणीच नव्हतं. त्यांना घनफूट म्हणजे गोल असतो की चौकोनी, एवढंच विचारायचं होतं. गुरुवारी चार जण आले, शुक्रवारी सात. दिवसभर कुकरच्या शिट्ट्या मोजणारी चाळ आता गॅलरीत उभं राहून छेद समान करायला लागली. चाळीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सकाळच्या गुलाबाच्या फुलांऐवजी "२७" यायला लागलं. त्याखाली अंगठे.

बाईंना स्वर्ग दोन बोटं उरला. त्यांनी कपाटावरून जुना फळा काढला. दोन किलो रवा आणून ढोकळ्याचा रतीबच लावला. रात्री जेवताना त्या रघुवीररावांना म्हणाल्या, "अहो, गणिताची गोडी लागायला वय लागत नाही. पाठारे आज स्वतः म्हणाले, बाई, अजून अवघड द्या. मी विचारलं, कशावर देऊ? तर म्हणाले, माळ्यावरच द्या."

"माळा आवरायचाय का?" रघुवीररावांनी विचारलं.

या सगळ्यात एकच माणूस क्लासला येत नव्हता. तो शनिवारी सकाळी आला. दौलतराव बरेच उतरलेले दिसत होते.

"बाई, तुम्ही शिकलेल्या आहात म्हणून विचारतो. मी जिन्याने जायला लागलो की लोक सत्तावीस म्हणतात. पाठारे म्हणाला. सात नंबरची म्हणाली. काल वाण्याकडे उभा होतो, तर मागून कोणीतरी म्हणालं, सत्तावीस. हा काय प्रकार आहे? काही कलम आहे का?"

"कलम नाही हो, उत्तर आहे!" बाई उजळल्या आणि त्यांनी अभिमानाने गाइड उघडून त्यांच्यापुढे धरलं.

दौलतरावांनी उदाहरण वाचलं. मग चष्मा पुसून पुन्हा वाचलं. "बाई," ते कसेबसे म्हणाले, "हे आपल्यात राहणार होतं ना?"

"मग? तुमचं नाव कुठाय त्यात? दिगंबरराव आहेत ते."

"आणि तबले?"

"तुमचे पखवाज आहेत ना? मग?" एवढं बोलल्यावर बाई थांबल्या. आपण त्यांना "तुमचे" म्हणालो, हे त्यांच्या लक्षात आलं. मग त्या एका माणसाचा माळा म्हणजे कोणाचा माळा, हेही लक्षात आलं. आणि मग आठवडाभराचा ढोकळा एकदम डोळ्यांपुढे उभा राहिला.  दौलतराव गाइड मिटून निघून गेले.

रविवारी सकाळी दहाला गॅलरीत सभा भरली. हितेंद्रनी विषय क्रमांक एक म्हणून सदतिसावं उदाहरण मोठ्याने वाचून दाखवलं. बाई रघुवीररावांच्या पाठीमागे, दिसणार नाही अशा बेताने बसल्या होत्या.

"मयेकर," हितेंद्र म्हणाले, "तुमच्या माळ्यावर काय आहे?"

"पखवाज," दौलतराव म्हणाले. "सहा."

"पखवाज सकाळी सातला गुळगुळ करतात का?" मेघनाने विचारलं. "माझ्या नळाचं पाणी गेलं की तुमचे पखवाज वाजतात."

"हवेने वाजतात."

"हे बघा," हितेंद्र म्हणाले, "आम्ही आता सगळे गणित शिकलोय. सत्तावीस घनफूट. गुणिले दीड. साडेचाळीस बादल्या! रोजच्या साडेचाळीस बादल्या तुम्ही एकटे..."

"खोटं आहे!" दौलतराव ताडकन उठले. "साफ खोटं! साडेचाळीस कुठून येणार? ते माप बाहेरून आहे! फळ्यांची जाडी कोण वजा करणार, तुझा बापूस?"

गॅलरीतल्या सगळ्या माना त्यांच्याकडे वळल्या.  दौलतराव उभेच होते. आपण काय बोललो, ते त्यांना हळूहळू कळत होतं.

पण सगळ्यांत आधी ओरडल्या त्या नाबरबाई. "जाडी!" त्या रघुवीररावांच्या मागून बाहेर आल्या. "दौलतराव, टाकी लाकडी आहे?"

"इंचाच्या फळ्या. आतून पत्रा मारलाय."

"अग बाई! मग आतलं माप घ्यायला हवं होतं. धारिता आतून मोजतात. मी बाहेरचं गुणलं! पाच हजार प्रती छापल्यात!" बाईंच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. चाळीतलं भांडण, पाण्याची चोरी, मोडलेला शब्द, सगळं मागे पडलं. "चला. आत्ता मोजायचं. अहो, धरा."

रघुवीरराव उठले.

मयेकरांच्या खोलीत चौदा खोल्यांची माणसं शिरली, ती मावेनात म्हणून बाकीची दारात राहिली. बाईंना शिडीवर चढू देईनात. शेवटी रघुवीरराव वर गेले आणि टाकीच्या काठावरून आत वाकून माप सांगायला लागले. लांबी दोन इंचांनी कमी, रुंदी दोन इंचांनी कमी. झाकण नव्हतं, म्हणून उंची फक्त एका इंचाने कमी. टाकी काठोकाठ भरलेली होती, त्यामुळे त्यांचा सदरा कोपरापर्यंत भिजला. खाली बाई पाटाच्या मागच्या बाजूवर खडूने मांडत होत्या आणि चाळ श्वास रोखून बघत होती. घनइंचांचे घनफूट करायला पाठारेंनी "सतराशे अठ्ठावीसने भागा" असं सुचवलं, आणि ते बरोबर होतं.

"तेवीस पूर्णांक एकशे एकोणचाळीस छेद चारशे बत्तीस," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज पडला होता. आधीच्या त्या गोंडस सत्तावीसची ही काय दशा! "गुणिले दीड. पस्तीस बादल्या. त्याही थेंबभर कमी."

"ऐका!" दौलतरावांना एकदम बळ आलं. "पस्तीस! आणि माझ्यावर साडेचाळीस लावल्या! साडेपाच बादल्यांची चोरी मी केलेलीच नाही. त्याची माफी मागा!"

आता खरं पाहता हे फारच होतं. पण मुद्दा बिनतोड होता. पाठारेंनी इकडे तिकडे पाहिलं, आणि चाळीच्या वतीने साडेपाच बादल्यांबद्दल दिलगिरी व्यक्त केली. बाईंनी तर हात जोडले. "आणि शब्द मोडला त्याबद्दल वेगळी," त्या हळूच म्हणाल्या. दौलतरावांनी ती ऐकली की नाही, कळलं नाही. ते साडेपाचच्याच आनंदात होते.

एवढा वेळ रमाबाई, म्हणजे दौलतरावांच्या पत्नी, गॅसजवळ उभ्या राहून सगळं ऐकत होत्या. त्या बारीक, अबोल आणि नवऱ्याच्या टाकीबद्दल वर्षभर तोंडातून चकार शब्द न काढलेल्या. त्यांनी पहिल्यांदाच तोंड उघडलं. "बाई, ह्या पाण्याचा वजन किती जाता?"

"घनफुटाला सव्वाअठ्ठावीस किलो धरा," बाई म्हणाल्या. "साधारण सहाशे साठ किलो. फळ्या वेगळ्या."

रमाबाईंनी वर माळ्याकडे पाहिलं. मग खाली, माळ्याच्या बरोबर खाली अंथरलेल्या आपल्या गादीकडे पाहिलं. "म्हणजे गेला वरीसभर," त्या म्हणाल्या, "मी सहाशे साठ किलोच्या खाली निजतंय? आणि तुमी खिडकीकडे निजतास?"

"अगो, माका वारो लागता..." दौलतराव म्हणाले.

"आत्ताच्या आत्ता खाली करा. नायतर मी भयणीच्या घरी चललंय, काळाचौकीक."

यापुढे सभेला काही काम उरलं नाही. पस्तीस बादल्या, चौदा खोल्या. उत्तर बाईंनी सांगायच्या आधीच दारातून चार-पाच जण एका सुरात ओरडले, "अडीच!" रघुवीरराव वरून टमरेलाने बादली भरून देत, दौलतराव खाली घेत, आणि पुढे गॅलरीभर बादल्या हातोहात जात. सात नंबरच्या मावशींनी आपली अर्धी बादली नीट अर्धीच आहे ना, हे बोट बुडवून तपासलं. दुपारी दीडपर्यंत टाकी कोरडी झाली. त्या दिवशी चाळीत भर दुपारी सगळ्यांनी पुन्हा एकदा आंघोळ केली, गरज नसताना.

टाकी मंगळवारी भंगारवाल्याने तुकडे करून नेली. कमिटीने गच्चीवर सगळ्यांसाठी एक टाकी बसवायचं ठरवलं आणि तिची देखरेख दौलतरावांकडे दिली. चाळीतलं पाणी कधी येतं, कुठून येतं आणि किती जोराने येतं, हे त्यांच्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं. त्यांनी ते काम फार कडकपणे केलं. पाठारेंना एकदा पाव बादली जास्त घेतल्याबद्दल समज दिली.

बाईंनी अनिशला फोन करून शुद्धिपत्र छापायला लावलं. तो म्हणाला, "बाई, चारशे बत्तीस छेद? पाचवीला?" बाई म्हणाल्या, "खरं तेच छापा." तो म्हणाला की त्यापेक्षा आपण टाकी पत्र्याची करू, जाडी नगण्य माना असं लिहू. बाईंना ते पटलं नाही, पण दोन दिवस विचार करून त्यांनी "नगण्य" या शब्दाला परवानगी दिली.

मात्र त्या रविवारनंतर क्लासला कोणी आलं नाही. सोमवारी बाईंनी ढोकळा केला, तो दोघांनी मिळून बुधवारपर्यंत खाल्ला. फळ्यावर छेद तसेच राहिले. रघुवीररावांनी दोनदा विचारलं की फळा वर ठेवू का, आणि दोनदा बाई म्हणाल्या, असू दे.

ऑगस्टच्या शेवटी, एका संध्याकाळी, मेघना आली. कामावरून थेट, खांद्याला डबा. जरा घुटमळली आणि म्हणाली, "बाई, अपूर्णांकांचा भागाकार शिकवाल? तो उलटा करून गुणायचा असतो ना, तो का उलटा करायचा?"

बाईंनी तिच्याकडे रोखून पाहिलं. आता त्या शहाण्या झाल्या होत्या. "कोणाचं काय आहे?"

"म्हणजे?"

"कोणाच्या माळ्यावर काय सापडलंय? आधी सांग. मी नाव बदलून सुद्धा लिहिणार नाही."

"कोणाचं काही नाही हो बाई. मुलीला येतं आता, ती करते तिचं तिचं. मलाच पाहिजे. बसमध्ये डोक्यात घोळत बसतं."

बाईंचा यावर विश्वास बसला नाही. त्यांनी उठून गॅलरीत डोकावून पाहिलं, मेघनाच्या मागे कोणी उभं आहे का. कोणी नव्हतं. मग त्यांनी दार लोटलं, तिला पाटावर बसवलं आणि खडू शोधायला लागल्या.